बग्गीचा स्टिअरिंग आर्म : वेल्डिंग न करता बनवला, त्याचा अनुभव

स्टिअरिंग आर्म म्हणजे नकलला (पुढचं चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासोबत वळतं त्या भागाला) जोडलेला जेमतेम वीतभर लांबीचा तुकडा. स्टिअरिंगकडून येणारी दांडी, म्हणजे टाय रॉड, त्याला ढकलते-ओढते आणि चाक वळतं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर हँडब्रेक असतो. हा तुकडा तुटला तर हातातलं स्टिअरिंग नुसतं गरगर फिरतं. म्हणून बग्गी, म्हणजे रानात फिरवायची छोटी मोटारगाडी, बांधताना सगळ्यात जास्त डोकं मी यावरच लावलं.

बग्गी पाइप चॅसिसची आहे, इंजिन मागे, पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन आडवे हात. ती फक्त आष्ट्याजवळच्या आमच्या रानात, ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात फिरते. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीच्या स्टिअरिंगला असा हात लावू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याच्या आड येतं, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

माझ्याकडे भंगारातून आणलेले छोट्या कारचे नकल होते. त्यांचे आर्म मागच्या बाजूला, कारण त्या गाडीत रॅक, म्हणजे टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा दातेरी दांडा, चाकांच्या मागे असतो. माझ्या बग्गीत तिथे चालवणाऱ्याचे पाय येत होते, म्हणून रॅक पुढे घ्यावा लागणार होता. नकल डावे-उजवे बदलून टाका, आर्म आपोआप पुढे येतील, असं बरेच जण सांगतात. पण मागे जाणारे आर्म आतल्या बाजूला झुकलेले असतात. ते तसेच पुढे आले तरी झुकाव आतलाच राहतो, आणि वळणावर आतल्या चाकापेक्षा बाहेरचं चाक जास्त वळायला लागतं. हवं असतं नेमकं उलट. ही भूमिती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या घोडागाड्या बांधणाऱ्याची. 1818 साली अॅकरमनने त्याच्या वतीने लंडनमध्ये पेटंट घेतलं आणि नाव अॅकरमनचंच पडलं. माझ्या बग्गीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 1,800 मिमी आणि दोन किंगपिनमधलं (पुढची चाकं ज्यांभोवती वळतात त्या खिळींमधलं) अंतर 1,200. आतलं चाक 30 अंश वळलं, तर बाहेरच्याने साधारण साडेबावीसच वळायला हवं. त्यासाठी पुढे 120 मिमी जाणाऱ्या आर्मचं टोक 40 मिमी बाहेर, चाकाकडे झुकवावं लागतं. तिथे रिम आडवा येतो. मी आधी जाड पुठ्ठ्याचे आर्म कापले, चाक बसवलं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघितलं आणि जेवढं बाहेर जाता येत होतं तेवढंच घेतलं. पूर्ण 40 मिळाले नाहीत. कमी वेगाच्या बग्गीला तेवढी तडजोड चालते.

सगळ्यात मोठा वाद झाला वेल्डिंगवरून. गल्लीतले वेल्डर काका मनापासून म्हणाले, "दादा, जुना आर्म कापून पुढं जोडून देतो की! हत्ती लोंबकळला तरी तुटायचा नाही." त्यांचा हात चांगला आहे, चॅसिसचे सगळे जोड त्यांचेच आहेत. पण हत्ती एकदा लोंबकळतो. आर्मला प्रत्येक ढेकळावर कधी ओढ, कधी ढकल, असं लाखो वेळा सोसावं लागतं. नकल फोर्जिंगचा, म्हणजे ठोकून घडवलेला, असो की ओतीव, त्या धातूत कार्बन जास्त. वेल्डिंगनंतर टाक्याशेजारचा पट्टा झपाट्याने थंड होतो, कडक आणि ठिसूळ बनतो आणि तिथूनच केसाएवढी चीर सुरू होते. ती बाहेरून दिसत नाही. मी काकांना नाही म्हटलं.

मग उपराइट, म्हणजे नकलच्या जागी येणारा भाग, नव्याने करायचा आणि आर्म त्याला वेगळा, बोल्टने जोडायचा, असं ठरलं. आर्मसाठी ईएन 19 हे मिश्र पोलाद घेतलं, टी कंडिशनमधलं, म्हणजे आधीच हार्डन-टेम्पर करून येतं ते. कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉबवर्क करणाऱ्या एका काकांनी काम घेतलं. ड्रॉइंगवर मी दोन गोष्टी लाल पेनने लिहिल्या होत्या. बारची लांबी आर्मच्याच दिशेने ठेवायची, आणि खांद्याला जिथे आर्म रुंद होतो तिथे 6 मिमीचा रेडियस, म्हणजे गोलाई, हवाच. काटकोन सोडला तर ताण नेमका त्या कोपऱ्यात जमतो. काका आधी कुरकुरले, मग स्वतःच 8 मिमी देऊन मोकळे झाले. टोकाला आर्म चिमट्यासारखा दुभंगलेला आहे, म्हणजे रॉड एंडचा (टाय रॉडच्या टोकाच्या सांध्याचा) बोल्ट वर-खाली दोन्हीकडून धरला जातो. उपराइटकडे 10.9 या जास्त ताकदीच्या ग्रेडचे दोन बोल्ट आणि जागा पक्की धरणारी एक डॉवेल पिन. बोल्ट मुद्दाम लांब शँकचे (बिनआट्यांचा भाग लांब असलेले) घेतले, म्हणजे शिअर, आडवा कापणारा जोर, आट्यांवर येत नाही.

बसवण्याआधी डाय पेनिट्रंट टेस्ट करून घेतली. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचं, वरून पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आमच्या आर्मवर काही उमटलं नाही.

रॅकच्या वेळी एक गोष्ट आधीच माहीत होती. मागे बसणारा रॅक तसाच पुढे आणला, तर उजवीकडे वळवल्यावर गाडी डावीकडे जाते. त्यामुळे तो उलटा, पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक) खाली करून बसवला.

मग बंप स्टिअर, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळणं. स्प्रिंग काढली, रॅक मधोमध लॉक केला, हबला सरळ पट्टी बांधली आणि तिच्या दोन टोकांना डायल गेज लावले. जॅकने चाक 25-25 मिमी उचलत दर वेळी दोन्ही आकडे वहीत. चाक वर गेलं की पुढची बाजू बाहेर फाकत होती, खाली आलं की आत. वर आणि खाली दोन्ही वेळा चाक एकाच दिशेने वळलं असतं, तर दोष टाय रॉडच्या लांबीचा. इथे दिशा उलटसुलट होती, म्हणजे सांध्याची उंची चुकते. बाहेरचा सांधा वर घ्यायचा होता. चिमट्यातले 1 मिमीचे स्पेसर वरून काढून खाली घालत गेलो. प्रत्येक स्पेसरसोबत फरक कमी होत होता, आणि शेवटी वर-खाली 50 मिमीमध्ये तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. त्या रात्री मी ती वही घरी आईला दाखवली.

आता बग्गी वावरात सोडण्याआधी प्रत्येक वेळी आर्मच्या बोल्टवरची पिवळ्या पेंटची रेघ बघतो. रेघ सरकलेली दिसली, तर टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावल्याशिवाय गाडी हलत नाही.