सायकलला किती लुमेनचा दिवा लावावा?

पहिल्यांदाच २०० किंवा ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत उतरणारे हा प्रश्न हमखास विचारतात. पहाटे अंधारात कामाला निघणारेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. नुसता आकडाच हवा असेल तर असा धरा. रस्त्यावर दिवे असलेल्या शहरात १५० ते २०० लुमेन, अंधाऱ्या सपाट रस्त्यावर ३०० ते ४००, आणि घाट उतरताना ७०० ते १००० हाताशी असावेत. पण तेवढ्यावर दिवा विकत घेऊ नका. प्रकाश रस्त्यावर नेमका कुठे पडतो आणि किती तास टिकतो, हे दोन प्रश्न लुमेनच्या आकड्यापेक्षा मोठे आहेत, आणि खोक्यावर त्यांची उत्तरं सहसा छापलेली नसतात.

आधी वेगाचा हिशोब करू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. समोर खड्डा दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर तेवढ्यात १२ मीटर संपतात, आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी ७ मीटर लागतात. म्हणजे किमान २० मीटरवरचं दिसलं पाहिजे. उतारावर वेग ४५ झाला की हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास जातं, आणि रस्ता ओला असेल तर ४५ मीटरच्या. उसाच्या हंगामात सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, त्यातून पडलेला ऊस रस्त्यावर आडवा असतो, आणि गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाचा पांढरा रंग केव्हाच उडालेला असतो. यातलं काहीही स्वतःहून चमकत नाही. तुमच्या दिव्याने ते दाखवायचं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो. त्यामुळे ५०० लुमेनचा दिवा काढून त्याच झोताचा १००० चा लावला, तर दिसण्याचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतं. बॅटरी मात्र निम्म्या वेळात संपते. झोत सुधारला तर कमी लुमेनमध्येही लांबचं दिसतं.

झोताचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला टॉर्चसारखा गोल. त्यातला बराच प्रकाश झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि चाकापुढचे दोन-तीन मीटर नको इतके उजळतात. जवळचा रस्ता पांढराफटक दिसला की आपल्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं आणखी काळं वाटतं. "दिवा एवढा प्रखर आहे, तरी दिसत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरा प्रकार वरून कापलेल्या झोताचा, मोटरसायकलच्या लो बीमसारखा. एका आडव्या रेषेच्या वर प्रकाश जवळजवळ जातच नाही, आणि रेषेच्या लगेच खाली तो सर्वांत तीव्र असतो. जर्मनीत सायकलच्या दिव्यांना असाच झोत कायद्याने लागतो, तिथल्या नियमावलीचं नाव एसटीव्हीझेडओ. ती अक्षरं वर्णनात दिसली तर झोत कापलेला आहे असं समजा. दुभाजक नसलेल्या राज्यमार्गावर जाणाऱ्यांना माझा सल्ला ठाम आहे, कापलेल्या झोताचाच दिवा घ्या. समोरच्या ट्रकचालकाचे डोळे दिपले तर तो ज्या बाजूला भरकटेल तिथे तुम्हीच असता. शिवाय तो चिडून अप्पर मारतो, मग काही सेकंद तुम्हालाही काही दिसत नाही.

आता खोक्यावरच्या दाव्यांबद्दल. चांगल्या एलईडी दिव्याला एका वॅटमागे १०० लुमेन धरा. म्हणजे खरे १००० लुमेन हवेत तर १० वॅट लागतात. बहुतेक दिव्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. ३००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास मावतात, म्हणजे १००० लुमेनवर तासभर. एका सेलवर "५००० लुमेन, ८ तास" लिहिलेलं असेल तर तो दिवा तिथेच ठेवा. सेलवरही असंच काहीबाही छापलेलं असतं. या आकारात ३५०० एमएएचच्या फार पुढे बाजारातले सेल जात नाहीत, त्यामुळे ९९०० छापलेला सेल बनावट असतो. वजनकाटा असेल तर ठेवून बघा. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा भरतो, बनावट बऱ्याचदा त्याहून हलका असतो.

तासांचा हिशोब लांब पल्ल्याला फार महत्त्वाचा. बीआरएममध्ये ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात, आणि दिवे सायकलवर घट्ट बसवलेले असावे लागतात. डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पुरे तेरा तास अंधार. ३०० लुमेनवर ३ वॅट जातात, तेरा तासांचे ३९ वॅट-तास, म्हणजे ११ वॅट-तासांचे साडेतीन सेल. सेल बदलता येणारा दिवा असेल तर खिशात तीन भरलेले सेल ठेवा, पण प्लॅस्टिकच्या डबीत. सुटा सेल किल्ल्यांजवळ पडला आणि दोन टोकं जोडली गेली तर पेट घेऊ शकतो. सेल आत बंद असलेला दिवा असेल तर तो चार्जिंगला लावून पेटता राहतो का, हे घेण्याआधी विचारा. बरेच दिवे वायर जोडली की विझतात किंवा अगदी मंद होतात. पॉवरबँकवरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेले असतात. ते ३७ वॅट-तास होतात, आणि हाती ३० च्या आसपास येतात.

रात्रीच्या फेऱ्या नेहमीच्याच असतील तर हब डायनामोचा विचार करा. टायरला घासणारा जुना बाटली डायनामो वेगळा. हा पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच असतो आणि ६ व्होल्टवर ३ वॅट देतो. त्यासाठी चाक नव्याने विणून घ्यावं लागतं, हबची आणि रिमची भोकं जुळली पाहिजेत, ३२ ला ३२ किंवा ३६ ला ३६. चार्जिंगची कटकट संपते. उणीव एकच, घाट चढताना वेग आठ-दहाच्या खाली गेला की प्रकाश मंदावतो. ज्याच्यात थांबल्यावरही काही मिनिटं पेटता राहण्याची सोय आहे, असाच दिवा त्याच्याबरोबर घ्या.

बसवणं. हँडलबार स्टेमजवळ, म्हणजे मधोमध जिथे तो सायकलला जोडलेला असतो तिथे, सहसा ३१.८ मिलिमीटर जाड असतो, जुन्या सायकलींत २५.४. क्लॅम्प त्याच मापाचा हवा. ढिला असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन बारभोवती एक वेढा द्या आणि त्यावर क्लॅम्प आवळा. नुसतं रबर लावून बसणारे दिवे शहरात चालतात, खडबडीत रस्त्यावर हळूहळू खाली मान टाकतात. उन्हाने ते रबर तडकतंही, म्हणून एक जास्तीचं जवळ ठेवा. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर एक थेंब लावला तर हादऱ्यांनी तो सुटत नाही. कार्बनच्या बारवर मात्र जोर लावू नका. बहुतेक बारना ४ ते ५ न्यूटन-मीटरची मर्यादा असते, ती बारवर छापलेली असते.

ब्रेक आणि गिअरच्या केबल दिव्यासमोरून जात नाहीत ना, बघा. केबलवर प्रकाश पडला की रस्त्यावर सावल्या हलतात आणि केबल स्वतःच डोळ्यांसमोर चमकत राहते. पुढे बॅग लावत असाल तर दिवा बॅगेच्या पुढे किंवा फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्यावर न्यावा लागेल. सायकल कॉम्प्युटरखाली उलटा टांगायचा विचार असेल तर थांबा. कापलेल्या झोताचा दिवा उलटा केला की सगळा प्रकाश वर जातो. उलटं बसवायला वेगळं मॉडेल किंवा फिरवता येणारी काच लागते.

यानंतरचं काम जवळजवळ कोणीच करत नाही, आणि फरक सर्वांत जास्त त्यानेच पडतो: कोन लावणं. सपाट जागी भिंतीसमोर सायकल उभी करा, दिव्यापासून भिंत बरोबर ५ मीटर. टायरमध्ये नेहमीची हवा हवी आणि सायकलवर तुम्ही बसलेले हवेत, कोणाला तरी धरायला सांगा. जमिनीपासून दिव्याची उंची मोजा, समजा १०० सेंटिमीटर आली. भिंतीवर १००, ९५ आणि ७५ सेंटिमीटरवर खडूने रेघा ओढा. गोल झोत असेल तर त्याचा सर्वांत उजळ भाग ७५ च्या रेघेवर आणा. पाच मीटरमध्ये २५ सेंटिमीटर खाली म्हणजे तो २० मीटरवर रस्त्याला टेकेल, आणि त्याच्या वरच्या कडेचा प्रकाश त्याहून पुढे पोहोचेल. कापलेल्या झोताची वरची रेषा ९५ वर ठेवा. दिवा फोर्कवर असेल तर उंची कमी भरेल, पण वजाबाकी तीच. मग सायकल मोकळ्या जागेकडे वळवा, दिवा पेटता ठेवून तीस मीटर पुढे जा, स्कूटरवर बसल्यावर डोळे जेवढ्या उंचीवर असतात तेवढ्यावरून बघा. डोळे मिटावेसे वाटले तर आणखी थोडा खाली. जमलं की क्लॅम्पवर आणि बारवर पेनाने एक सरळ खूण करा, पुढच्या वेळी दिवा त्याच जागी बसेल.

घाटातल्या वळणांना हँडलवरचा दिवा पुरा पडत नाही. सायकल वळायच्या आधी तुम्हाला वळणात बघायचं असतं आणि झोत कठड्यापलीकडे दरीत गेलेला असतो. हेल्मेटवर १०० ते २०० लुमेनचा छोटा दिवा लावा, शंभर ग्रॅमच्या आतला. रात्री पंक्चर काढतानाही हात मोकळे राहतात. पण समोरून कोणी आलं की मान खाली घालायची सवय लावून घ्या. आणि पावसाळ्यात आंबोली किंवा वरंधा घाटात धुकं लागलं तर तो बंदच करा. डोळ्यांजवळचा प्रकाश धुक्यातल्या थेंबांवरून सरळ डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात दिवा जितका खाली आणि जितका मंद, तितका रस्ता जास्त दिसतो. फोर्कवरचा दिवा इथे फार उपयोगी पडतो.

मागचा दिवा लोक शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. मी तो आधी घ्यायला सांगेन, आणि दोन घ्यायला सांगेन. रात्री २० ते ३० लुमेन पुरतात. १०० लुमेनचा लखलखणारा लाल दिवा दिवसासाठी असतो, रात्री तो मागच्या सायकलस्वाराला आंधळा करतो. एक दिवा सतत पेटता ठेवा, कारण नुसत्या उघडझाप करणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे हे मागच्या चालकाला नीट कळत नाही. दुसरा एकटे असताना संथ लुकलुकता चालेल, गटात असताना दोन्ही स्थिर. दोघांची बॅटरी वेगळी असली पाहिजे, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरतो. ही दुसऱ्या दिव्याची गरज खरीच आहे, कारण मागचा दिवा विझला तर तुम्हाला ते कळतच नाही.

मागच्या दिव्याचा कोनही बघा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मागे कललेला असतो, साधारण १७ अंश. त्यावर दिवा सपाट बसवला तर तो रस्त्याकडे बघतो. सीटस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक नळ्यांवर लावला तर उलट, आकाशाकडे बघतो. दिव्याचं तोंड जमिनीला समांतर सरळ मागे हवं. कललेल्या नळीसाठी पाचरीच्या आकाराचं रबर काही दिव्यांबरोबर येतं, नसेल तर ट्यूबचे तुकडे एका बाजूला जास्त घालून कोन साधा. सीटखालची बॅग, लोंबणारं जॅकेट किंवा पट्टा दिव्यावर येत नाही ना, हे सायकलवर बसून दुसऱ्याला मागून बघायला सांगा. मडगार्ड नसेल तर ओल्या रस्त्यावर खालच्या दिव्यावर अर्ध्या तासात चिखलाचा थर बसतो, तेव्हा तो वर घ्या. घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधा. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळतं, आणि त्यांना बॅटरी लागत नाही.

राहिला पाऊस. दिवा पाण्याला किती टिकतो हे आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरती सोय. कोकणातल्या जुलैला आयपीएक्स६ किंवा त्याच्या वरचा बघा. पाणी शिरतं ते जवळजवळ नेहमी चार्जिंगच्या रबरी झाकणातून. त्याच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा, शक्य असेल तर झाकण खालच्या बाजूला येईल असा दिवा बसवा. घरी आल्यावर झाकण उघडून तो वाळू द्या आणि मगच चार्जर जोडा. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पिनांवर हिरवा थर चढतो आणि पुढे दिवा चार्ज होत नाही. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर सेल निम्मा भरून सावलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.