कानातला मळ आणि आमचे अडीच महिने

माझा लेक पाच वर्षांचा, सीनिअर केजीत. गेल्या पावसाळ्यात टीचरनी दोनदा बोलावून सांगितलं, "वर्गात लक्षच नसतं त्याचं." टीव्हीला अगदी नाक लावून बसायचा, म्हणून मला आधी डोळ्यांची शंका आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर नव्हता. मग त्यांनीच विचारलं, "टीव्ही जवळून बघतो, की जवळून ऐकतो?"

त्यानंतर दोन दिवस मी नीट लक्ष ठेवलं. पाठीमागून हाक मारली की ढिम्म. समोर बसून बोललं की सगळं कळायचं. "वाटी आण" म्हटलं तर दारामागची काठी घेऊन आला. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचा आणि मोठ्या माणसासारखा घोरायचा. ताप नाही, कान दुखत नाही, म्हणून कानाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. उलट "ऐकत नाहीस, ऐकत नाहीस" म्हणून मी त्याला रागावत होते. ते अजूनही मनाला लागतं.

मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात आम्ही गेलो. केस पेपर, रांग, डॉक्टर, सगळं सकाळच्या सकाळी झालं. डॉक्टरांनी डावा कान पाहिला आणि म्हणाले, पडद्यामागे पाणी साठल्यासारखं दिसतंय. उजवा पाहायला गेले तर पोरगं रडायला लागलं, मागे पन्नास माणसं उभी, तो कान राहून गेला. ऐकण्याची चाचणी आणि पडद्याची चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री आणि टिंपॅनोमेट्री, लिहून दिली. खिडकीवर तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

पाच आठवडे थांबलो. त्या दिवशी ऑफिसला रजा टाकली, दादरला गाडी बदलली, त्याला कडेवर घेऊन जिने चढले. तासभर बाकावर बसल्यावर नाव पुकारलं. आतल्या बाईंनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "ताई, उजव्या कानात मळ आहे. आधी काढून आणा." कानात मळ गच्च असेल तर चाचणी चुकीची येते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर सव्वाबारा वाजले होते, केस पेपरची खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा. डॉक्टरांनी मळ मऊ करायचे थेंब दिले, पाच दिवस घाला म्हणाले, मग काढला. तो कागद घेऊन खिडकीवर गेले तर नवी तारीख, पुढे चार आठवडे! "आमची तारीख होऊन गेलीये, मळापायी परत पाठवलंत," असं मी तीन वेळा सांगितलं. "रजिस्टरमध्ये जागा नाही," एवढंच उत्तर. अहो, चिठ्ठी देतानाच "दोन्ही कान साफ असल्याची खात्री करून या" अशी एक ओळ लिहिली असती तर? त्या खिडकीशेजारी अशी पाटी लावायला काय लागतं? एका मुलाचं वर्गातलं सगळं ऐकू येणं त्यावर अडलं होतं.

चार आठवड्यांनी गेलो. चाचणीत आवाज आला की बटण दाबायचं असतं, लेकाने ते दाबलंच नाही. काचेची बंद खोली, कानावर जड हेडफोन, तो घाबरला. आणखी एक आठवडा. त्या बाईंनी मात्र एक चांगली गोष्ट सांगितली: घरी खेळ घ्या, आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. आठवडाभर रोज रात्री मी त्याच्या मागे बसून चमचा वाजवत होते, कधी जोरात, कधी अगदी हळू. पाचव्या दिवसापासून तो मणी हातात धरून वाट बघायला शिकला. लहान मुलाची ही चाचणी असेल तर हा खेळ आधीच सुरू करा, आमची फेरी वाचली असती.

अखेर रिपोर्ट आला. दोन्ही पडद्यांचा आलेख सपाट, म्हणजे मागच्या पाण्यामुळे पडदे नीट हलत नव्हते. ३५ डेसिबलच्या आसपासचा आवाज असेल तरच त्याला ऐकू यायचं. कुजबूज साधारण ३० डेसिबलची असते, म्हणजे हळू बोललेलं त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. मुलांची कानापासून घशापर्यंत जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यात नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडिनॉइड्स, वाढले की पाणी आत अडकून राहतं. पुष्कळ मुलांचं ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर थांबतात. आमचं ओसरलं नव्हतं. ॲडिनॉइड्स काढले, पडद्यात ग्रोमेट, म्हणजे आत हवा खेळती ठेवणाऱ्या बारीक नळ्या, बसवले, दुसऱ्या दिवशी घरी.

एक राहिलंच. सासूबाईंनी मायेपोटी लसणाचं कोमट तेल घालायला काढलं होतं, डॉक्टरांनी सक्त नाही सांगितलं. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं. कॉटन बडही नको, मळ आणखी आत ढकलला जातो. नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काही अडकलंय का ते दाखवा. आणि घड्याळाचा छोटा सेल नाकात किंवा कानात गेला तर उद्यावर टाकू नका, काही तासांत आतून भाजतं. 

मागच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा त्याच बाकावर एक बाई मुलीला घेऊन बसली होती. मी आधी विचारलं, "मळ काढलाय का हिचा?" नव्हता काढलेला. केस पेपरची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. तिची पिशवी मी धरली, ती मुलीला उचलून जिना उतरली.