डावीकडून तिसरी बाटली

वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी मी चित्रकलेचा वर्ग घेते. वर्ग अनुदानावर चालतो, त्यामुळे फी नाही, आणि कागद, रंग, ब्रश सगळं तिथेच मिळतं. त्या दिवशी निधी देणाऱ्या संस्थेचे एक अधिकारी पाहणीला येणार होते. म्हणून मी तासभर आधी पोचले, टेबलं पुसली आणि रंगांच्या बाटल्या नीट लावल्या. पांढरा, करडा, काळा सुरुवातीला, मग बाकीचे रंग. ओळ छान दिसत होती.

वर्गात एक आजी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, उमेदीची सगळी वर्षं कपडे शिवण्याच्या कारखान्यात गेलेली. चार महिन्यांत त्यांनी एकही तास चुकवला नव्हता. त्या नदी रंगवत होत्या. शेजारच्या आजोबांनी डोकावून विचारलं, "नदी काळी का हो?"

आजींचा हात थांबला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. ब्रश पाण्यात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुम्ही बाटल्या हलवल्या का?"

"हो आजी, जरा नीट लावल्या."

"निळा डावीकडून तिसरा असतो."

मला कळायला वेळ लागला. चार महिने त्या रंग बघून घेतच नव्हत्या, जागा पाठ करून घेत होत्या. लेबल त्यांना वाचता येत नाही, आणि गडद निळा नि काळा त्यांना सारखेच दिसत होते. मी मात्र त्यांच्या निळ्या आकाशांचं कौतुक करत आले होते.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाही. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. चित्रकार क्लोद मोने यांच्या मोतीबिंदूचं निदान 1912 मध्ये झालं, शस्त्रक्रिया 1923 मध्ये. मधल्या काळात ते ट्यूबवरची नावं वाचून आणि रंगांच्या ठरलेल्या जागांच्या भरवशावर काम करत. हे सगळं मला माहीत होतं. मोनेंची गोष्ट तर मी वर्गात रंगवून सांगितली होती. तरीही माझ्या समोर बसून कोणी तेच करतंय, हे मला दिसलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

मी आजींना खिडकीशी नेलं. दोन्ही बाटल्यांमधला एकेक थेंब पांढऱ्या कागदावर ठेवला. उन्हात त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "हा निळा," त्या म्हणाल्या, आणि बोट बरोबर ठेवलं. दिवसाउजेडात फरक कळत होता. आमच्या हॉलमध्ये छताला एकच दिवा आहे, तोही टेबलांच्या मागे. प्रत्येक जण स्वतःच्याच सावलीत चित्र काढत होता.

एव्हाना अधिकारी आले होते. नोंदणी किती, हजेरी किती, त्यांनी रीतसर विचारलं. मी आकडे दिले आणि म्हटलं, "मला टेबलावरचे दिवे घ्यायचेत. 'साहित्य' या शीर्षाखाली रंग-कागद बसतात, दिवे बसत नाहीत." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रस्तावात कारणासह मांडायला सांगितलं. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 27 वं कलम मी प्रत्येक प्रस्तावात लिहिते: समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा आणि कलांचा आस्वाद घेण्याचा हक्क सर्वांना आहे. फी माफ केली की तो हक्क पोचला, असं मी धरून चालले होते. उजेड, हात असलेली खुर्ची, जवळचं स्वच्छतागृह, अंधार पडायच्या आत घरी सोडणारी गाडी, यांचा खर्च मी कधी मागितलाच नव्हता.

आजी जागेवर परतल्या. मी म्हटलं, "काळी नदीही चांगली दिसतेय, राहू द्या." त्यांना ते मुळीच पटलं नाही. "संध्याकाळची असती तर वेगळं. ही सकाळची आहे. दुसरा कागद द्या." मग पिशवीतून जाड दोरा काढून त्यांनी निळ्या बाटलीच्या मानेला बांधला, एक गाठ. हिरव्याला दोन, काळ्याला तीन. शिवणाऱ्या बोटांना ते नवं नव्हतं. नदीवर शंका घेणारे आजोबा लाल-तपकिरीत चुकत होते, हे तेव्हाच बाहेर आलं. त्यांनीही दोरा मागितला.

आजींना डोळे तपासायला नेण्याचं त्यांच्या मुलीशी बोलून ठरवलं. पुढच्या तासाला मी दोन दिवे घरूनच घेऊन गेले. बाटल्या आधीच मांडलेल्या होत्या, गाठी पुढे करून. एक तिरकी होती म्हणून मी सरळ करायला हात नेला, तर आजोबा घाईने म्हणाले, "बाई, त्याला हात लावू नका."