तुम्ही विचारलंत म्हणून: नववीतल्या मुलाला कशाकशात घालू?

"ताई, मुलगा सप्टेंबरात नववीत जाईल. कॉलेजच्या दृष्टीने त्याला कशाकशात घालू?" इथे न्यू जर्सीत कुठल्याही हळदीकुंकवाला, कुठल्याही मंगळागौरीला मला हा प्रश्न येतो. माझी दोन्ही मुलं या चरकातून बाहेर पडली आहेत, एवढंच माझं भांडवल.

आपल्या डोक्यातला हिशेब अजून महाराष्ट्रातलाच असतो. तिथे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली किंवा वरच्या पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रमाणपत्र जोडा, गुण घ्या. आणि पुढे इंजिनिअरिंगला जाताना जेईई नाहीतर सीईटी. तबला वाजवतोस का, हे कुणी विचारत नाही. इथे अर्जात तबल्याला जागा आहे, पण त्याला गुण किती याचा तक्ता कुठेच नाही. मग आपण तो मनातच तयार करतो. रोबोटिक्सला जास्त, डिबेटला बरे, व्हायोलिन आता सगळेच वाजवतात म्हणून कमी.

त्यापेक्षा अर्ज बघा. बरीच कॉलेजं जो कॉमन अ‍ॅप, म्हणजे एकच सामाईक प्रवेशअर्ज, घेतात, त्यात अ‍ॅक्टिव्हिटींसाठी, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी, जास्तीत जास्त 10 जागा आहेत आणि प्रत्येकीच्या वर्णनाला 150 कॅरेक्टर्स, मधल्या रिकाम्या जागांसकट. आपल्या फॅमिली ग्रुपवरचा दिवाळीचा मेसेजसुद्धा त्यात मावायचा नाही. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, तिथे तर चारच विचारतात. कॉमन अ‍ॅपमध्ये वर्णनाबरोबर हेही भरायचं असतं: कितवीत केलंत, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. आठ क्लबांची नुसती मेंबरशिप असलेल्या मुलाची इथे पंचाईत होते. लिहायला काही नसतं, आणि तास वाढवून टाकले तर वाचणाऱ्याला बेरीज येते.

त्याच रकान्यात प्रकार निवडायची यादी असते. खेळ, संगीत, वादविवाद यांच्या पंक्तीत पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या हेही प्रकार आहेत. आपली माणसं या दोन्हींवरून सरळ पुढे जातात. घरी आजी आहे, तिच्या गोळ्या, डॉक्टरकडे दुभाषाचं काम, धाकट्याला शाळेतून आणणं, हे सगळं दहावीतली मुलगी रोज करते आणि आई मला सांगते, "तिच्याकडे दाखवायला काहीच नाही हो." पगारी कामाचं तर नावच नको. आइस्क्रीमच्या दुकानात आपली मुलगी उभी राहिली तर मंडळात काय म्हणतील! माझी मुलगी सुपरमार्केटमध्ये काउंटरवर उभी राहायची. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे ती तिथे शिकली. आमच्या घरी ते कुणालाच येत नाही.

ओळखीतला एक मुलगा इथल्या ढोल-ताशा पथकात होता. आधी नुसता वाजवायचा. मग ढोल ताणायला शिकला, नव्या मुलांना ठेका शिकवायला लागला, पुढे सरावाची जागा आणि वाहनं ठरवायचं काम त्याच्याकडेच आलं. अर्जाची यादी करताना वडिलांनी ते धरलंच नव्हतं. "ते काय, गणपतीतलं!" त्याऐवजी अकरावीत एक ना-नफा संस्था काढून द्यायचा त्यांचा बेत होता. सोळा वर्षांचे संस्थापक आता इतके झालेत की सभासद कुठून आणायचे हाच प्रश्न आहे.

अर्जापुरतं काहीतरी उभं करण्याचं टोक 2019 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पोरं कधी वॉटर पोलो खेळली नव्हती, वल्हवायला बसली नव्हती, तरी आईबापांनी पैसे मोजून त्यांना खेळाडू म्हणून नामवंत कॉलेजांत घुसवलं. हे जुळवून देणाऱ्या रिक सिंगरला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. विकत घेतलेला शोधनिबंध किंवा हजारो डॉलरचं उन्हाळी शिबिर यांत बेकायदा काही नाही, पण नामांकित कॅम्पसवर शिबिर केलं म्हणून तिथे प्रवेश मिळतो असं समजू नका. एमआयटीत होणारं आरएसआय हे संशोधनाचं शिबिर फुकट असतं, आणि त्यात शिरणं महाकठीण.

आणखी एक. ज्या कॉलेजासाठी एवढी धावपळ, ते या गोष्टी बघतं तरी का? कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजने स्वतःच जाहीर केलेली माहिती) असं शोधा, त्यातला सी-7 तक्ता उघडा. श्रेण्या, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, अ‍ॅक्टिव्हिटी यांपुढे 'फार महत्त्वाचं' ते 'विचारात घेत नाही' असे शेरे कॉलेजनेच दिलेले असतात. कित्येक राज्य विद्यापीठांत सगळा भार श्रेण्यांवर असतो. तिथेच जायचं असेल तर शनिवारी क्लासला न पाठवता पोराला झोपू द्या.

तेव्हा नववीत त्याला हवे ते दोन-तीन क्लब धरू देत, आणि कंटाळला तर एखादा सोडू देत. सोडलेलं अर्जात दिसत नाही. बारावीपर्यंत जे टिकेल ते तुम्ही सुचवलेलं असेलच असं नाही.

मराठी शाळेत मदतनीस म्हणून शिकवलेलं चालतं का, हेही विचारलंत. चालतं. आमच्याकडे बालवर्गाला माणूस हवाच आहे. फक्त फोन त्याने करायचा, तुम्ही नाही.