रुमालात बांधलेले गाव

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मी पहिल्यांदा जुना रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेले कापड, सोडला, तेव्हा आत गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही निघाली. कडा कसरीने खाल्लेल्या, पण मोडीतली काळी शाई अजून ठसठशीत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशाच नोंदवह्यांसाठी राज्यभर मोडी वाचकांची शोधाशोध झाली.

आपल्याकडे दप्तराची वर्गवारी ठरलेली आहे : ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याच्या सहा गठ्ठा पद्धतीत नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठाही वेगळा असतो. मुदत संपलेले कागद नष्ट करायलाच हवेत, कारण त्यांच्या ढिगाखाली मोलाचे कागद दबून कुजतात. मात्र प्रत्येक संचिका उघडून पाहिल्याशिवाय आणि नष्ट केलेल्या कागदांची नोंद ठेवल्याशिवाय रद्दीवाल्याला बोलावणे मला अक्षम्य वाटते. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार अभिलेखांची सूची ठेवणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे, आणि ग्रामपंचायतही त्यातच येते. सूचीच नसेल, तर कागद हरवला की मुळात नव्हताच, हे अर्जदाराला कोण सांगणार?