तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत मासे कुठे खायचे?

"दोन दिवस मुंबईत आहोत, मासे कुठे खायचे?" पुण्या-नागपूरहून येणारे, परदेशातून सुट्टीवर आलेले, सगळे मला हेच विचारतात. मी दादरची, घरात मासे नेहमीचे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. त्यांना हॉटेलचं नाव हवं असतं. मी आधी विचारते, खाणार काय? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: पापलेट, नाहीतर सुरमई.

पापलेट आणि सुरमई बर्फात टिकतात. ट्रकने नागपूरला जातात, विमानाने दिल्लीला जातात, गोठवून परदेशात जातात. तिथल्या हॉटेलात ते बऱ्यापैकी मिळतातही. समुद्राच्या शहरात यावं ते ज्याला प्रवास सोसत नाही असा मासा खायला, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत त्यातला पहिला मान ओल्या बोंबलाचा.

बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं. जाळ्यातून काढल्यावर काही तासांत तो मऊ पडायला लागतो, आणि बर्फात फार वेळ राहिला की त्याची चव पाण्याबरोबर निघून जाते. गुजरातपासून रत्नागिरीपर्यंतच्या पट्ट्यात तो भरपूर मिळतो, त्याच्या खाली कमी होत जातो. म्हणून कोकणातून मुंबईला आलेल्या मालवणी माणसालाही बोंबील खरा भेटतो तो इथेच. कोळी तो डोल जाळ्यात पकडतात. हे पिशवीसारखं लांबलचक जाळं असतं, तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात रोवून ठेवलेलं. त्यात ओढण्याचं काम बोट करत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच मासे आत आणतं. त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, पाण्याला जोर असताना, बोंबील जास्त येतो, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ कमी असताना, कमी. बाजारात कोळणीला "आज बोंबील का नाहीत?" असं विचारलंत तर ती "भांग आहे" एवढंच सांगेल, आणि ते पुरेसं असतं.

तळलेला बोंबील ओळखायचा कसा? तो आधी उभा चिरून, उलगडून, वजनाखाली दाबून पाणी काढलेला असावा. वरून रव्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा पातळ थर, तव्यावर थोड्या तेलात भाजलेला. वरचा थर दाताखाली कुरकुरला पाहिजे आणि आतला मासा सायीसारखा विरघळला पाहिजे. कढईभर तेलात सोडून वाळवून टाकलेला बोंबील मिळाला तर त्या हॉटेलात दुसऱ्यांदा जाऊ नका. विलेपार्ले पूर्वेच्या गजालीत तो फार चांगला मिळतो आणि लोक त्यासाठीच लांबून येतात. पण मला विचाराल तर तळलेल्यापेक्षा कालवणातला बोंबील मोठा. कोळी घरात लसूण ठेचून, मसाला आणि चिंच किंवा कैरी घालून ते झटपट करतात, त्यात खोबरं नसलं तरी चालतं. हॉटेलच्या मेनूवर हे कालवण क्वचित असतं. दिसलं की मागवा.

आता जागा. दादर-शिवाजी पार्कचा परिसर हा मराठी मासेखाऊंचा गाभा. सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक ही नावं तुम्ही ऐकली असतील. वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक आहे, तिथे दुपारी बाहेर रांग असते आणि ती थांबण्याच्या लायकीची आहे. या सगळ्या ठिकाणी जेवायला दुपारीच जा. ही जेवणं मुळात दुपारची आहेत: भात, कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी. रात्री तेच कालवण पुन्हा गरम होतं. मागवायची ती बांगड्याची थाळी. ती स्वस्त असते, म्हणून पाहुणे तिच्याकडे बघत नाहीत, पण खोबऱ्याच्या वाटणात तिरफळ हा झणझणीत मसाला पडलेलं बांगड्याचं कालवण हे त्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा घेतं. तिरफळ जास्त झालं तर जीभ बधिर होते, कमी झालं तर बांगड्याचा उग्रपणा वर येतो. सोबत तिसऱ्या असतील तर एकशिपी मागवा, म्हणजे शिंपलीची एक बाजू काढून टाकलेल्या, खोबऱ्यात परतलेल्या तिसऱ्या. आणि मांदेली. ही बोटाएवढी सोनेरी मासळी कडक तळली की काट्यांसकट खाता येते. तीही डोलीतच येते, तीही लवकर नासते, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना ती बहुतेक माहीत नसते. मी प्रत्येकाला ती खायला लावते.

फोर्टात गेलात तर स्वयंपाक बदलतो. तिथली महेश लंच होम, अपूर्वा आणि काळा घोड्याजवळची त्रिशना ही मंगळुरूकडच्या लोकांनी उभी केलेली परंपरा. गस्सी, म्हणजे तिकडचं खोबऱ्याचं कालवण, आणि नीर डोसा तिथे खावा, आणि मुडदुशी रवा लावून तळलेली. तिला ते काणे म्हणतात. मुडदुशीचं मांस इतकं नाजूक असतं की माझ्या मते तिच्यापुढे पापलेट फिकं. बटर गार्लिक खेकड्यासाठी जगभरातून लोक तिथे येतात. मी मात्र तोच खेकडा वाटणातल्या रश्श्यात मागवते, कारण एवढ्या लोण्यात चिंबोरीची स्वतःची गोडी सापडत नाही. खेकडा वजनावर विकतात. नग समोर आणून दाखवायला सांगा, वजन आणि दर आधी विचारा, मगच हो म्हणा. यात लाजण्यासारखं काही नाही.

गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं. जुने लोक अजून त्याचं नाव सांगतात, पण ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यासाठी तिकडे जाऊ नका. सीकेपी आणि पाठारे प्रभूंचं माशांचं जेवण मुंबईतलं सर्वांत नाजूक, पण ते अजून घरांतच आहे. कुणी जेवायला बोलावलं तर बाकीचे बेत रद्द करा.

मला सर्वांत जास्त सल ही आहे की ज्यांनी हे शहर वसण्याआधीपासून इथला समुद्र राखला, त्या कोळ्यांच्या हातचं जेवण शहरात विकत सहज मिळत नाही. वेसावे, म्हणजे वर्सोवा, कोळीवाड्यात साधारण जानेवारीत सी फूड फेस्टिवल भरतो. तिथे कोळणी स्वतः रांधतात आणि तांदळाची भाकरी समोर थापून देतात. माहीम कोळीवाड्यात 2023 साली महिला बचत गटांनी चालवायचा सी फूड प्लाझा सुरू झाला. मुंबईत असे आणखी दहा हवेत. कुलाबा, वरळी, शीव, धारावी, खारदांडा, प्रत्येक कोळीवाड्यात तेवढी जाणती माणसं आहेत.

कधी यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी असते आणि ती पाळलीच पाहिजे. या काळात मिळणारा मोठा मासा एकतर गोठवलेला असतो किंवा पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेला, कारण तिकडची बंदी 14 जूनला संपते. तेव्हा जून-जुलैत येणाऱ्यांना मी सुकी मासळी खायला सांगते. सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, सोड्याची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी. बोंबील किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीने वाळत घालतात, आणि पावसाळ्यासाठीच तो साठवलेला असतो. खाडीतल्या चिंबोऱ्याही पावसात मिळतात. नारळी पौर्णिमा झाली की बाजार पुन्हा भरतो, फक्त श्रावण पाळणारी घरं तेव्हा अजून थांबलेली असतात. मला ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सर्वांत आवडतो. वार बघायचा तर बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक मराठी घरं मासे खात नाहीत, खप कमी असतो, आणि कालचा माल आज येण्याची शक्यता वाढते.

वेळ असेल तर एकदा पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकला जा. 1875 साली बांधलेली ही गोदी अजून चालू आहे. किंवा भाऊच्या धक्क्यावर जा. लिलाव मोठ्याने, भराभर होतात आणि बोली बहुतेक बायकाच लावतात. वाटेत उभे राहू नका, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. जुने बूट घाला.

एवढं सांगूनही पापलेट हवंच असेल तर माझी एकच विनंती आहे, मोठं मागवा आणि चौघांत वाटून खा. थाळीत बसतं म्हणून हॉटेलं तळहाताएवढं पापलेट देतात. ते अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असतं. 2023 साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवलं, आणि त्याच वर्षी किती लहान मासा पकडू नये याचे नियमही केले. पण जोवर आपण छोटं पापलेट मागवत राहू तोवर कोणी ते सोडून देणार नाही. "छोटं असेल तर नको, मांदेली द्या" असं वेटरला सांगा. मीही हेच सांगते. आता दादरच्या एका खानावळीत मला बघून मांदेली न विचारताच येते.