दिसून नाही राहिली

“ताई, ब्रँच टाकली मी. पाहून घ्या.”

“दिसून नाही राहिली रे.”

“फेच केलं काय?”

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कात हा संवाद रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर चालू असतो.

गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ब्रँच म्हणजे मुख्य कोडला धक्का न लावता काम करायची त्यातली वेगळी फांदी. पण गिटला आपणहून काही कळत नाही. शेजारच्याने ब्रँच सर्व्हरवर चढवली, तरी ती बातमी माझ्या लॅपटॉपला कोणी सांगायला येत नाही. माझ्या यादीत ‘ओरिजिन’ (म्हणजे सर्व्हर) लावून ज्या ब्रँचा दिसतात, त्या सर्व्हरच्या आत्ताच्या नसतात. मागच्या खेपेला विचारपूस केली तेव्हाच्या त्या नोंदी असतात. तिथून कधीच पुसलेल्या ब्रँचाही इथे ठाण मांडून बसतात, प्रून, म्हणजे ‘छाटणी कर’, म्हटल्याशिवाय हलत नाहीत. आणि न विचारता थेट चेकआउट, म्हणजे त्या ब्रँचवर जायची आज्ञा, मारलं, तर गिट म्हणणार, या नावाची फाइल मला माहीत नाही. आपण ब्रँच मागतोय, हे फायलीचं घेऊन बसलंय!

ही विचारपूस म्हणजेच फेच. फेच मात्र मला फार सभ्य वाटतं. सर्व्हरवर काय काय आहे ते विचारतं, माझ्याकडे नसलेले तेवढेच कमिट (नोंदवलेले बदल) उचलून आणतं आणि नवी ब्रँच आली, अशी एक ओळ छापून गप्प बसतं. माझ्या अर्धवट कामाला बोटही लावत नाही. पुलला तेवढा धीर नाही. ते आणतं आणि लगेच मिसळूनही टाकतं. ठेल्यावर पोह्यांवर तर्री ओतूनच प्लेट हातात देतात, तसं. मी आपली ‘तर्री अलग द्या भाऊ’वाली. आधी तिखट किती ते पाहीन, मग ओतीन.

पुढचं, म्हणजे त्या ब्रँचवर जाणं, सोपं आहे. स्विच लिहायचं आणि ब्रँचचं नाव, ओरिजिन न लावता. त्याच नावाची आपली ब्रँच गिट स्वतःच काढतं आणि सर्व्हरवरच्या ब्रँचशी तिचं नातंही जोडून देतं. स्विच आलं २०१९ मध्ये. जुनी मंडळी अजून चेकआउटच मारतात. त्यांना कोण सांगणार!

लिनस टॉरव्हल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी. आधी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच सॉफ्टवेअरची फुकट सोय बंद झाली होती, आणि काम करणारे जगभर पांगलेले. त्यामुळे प्रत्येकाकडे सगळा इतिहास असावा, अशीच त्याची घडण. त्याचा फायदा आम्हाला मे महिन्यात होतो. भर दुपारी लाइट जाते, कूलर बंद, वायफाय बंद. पण एकदा फेच झालेलं असलं की लॅपटॉपची बॅटरी टिकेल तोवर दुसऱ्याची अख्खी ब्रँच निवांत वाचता येते. कोडच्या आधी मी प्रत्येक कमिटसोबत लिहिलेले निरोप वाचते. माणूस तिथे जास्त कळतो. अशाच एका ब्रँचमध्ये पहिला होता ‘बिलाची बेरीज दुरुस्त’. मग ‘बेरीज पुन्हा दुरुस्त’. आणि शेवटचा, रात्री उशिराचा: ‘आता तरी चाल नं बाप्पा’.